शिवसागराचे पाणी अंजनवेलीस

अंजनवेल हे समुद्रकाठचे गाव. त्याच्या एका अंगास वाशिष्ठीची खाडी, दुसऱ्या अंगास अरबी समुद्र आणि दोहोंच्या सांध्यावर गोपाळगडाचा तट. अशा गावाचा एखाद्या गोड्या पाण्याच्या सरोवराशी संबंध काय, असा प्रश्न विषयाचे नाव ऐकताच कोणाच्याही मनात यावा. या प्रश्नाचे उत्तर नकाशात आहे. कोयनेच्या खोऱ्यातील शिवसागर जलाशय अंजनवेलीपासून सरळ रेषेत मोजला तर साठ-पासष्ट किलोमीटरांवर येतो. परंतु मध्ये सह्याद्रीची भिंत उभी आहे. या भिंतीमुळे कोयनेचे पाणी युगानुयुगे पूर्वेकडे गेले. कऱ्हाडास ते कृष्णेला मिळे आणि महाराष्ट्र, कर्नाटक, तेलंगण व आंध्र ओलांडून बंगालच्या उपसागरास जाई. १९६२ सालापासून मात्र या पाण्याचा मोठा भाग डोंगराच्या पोटातून पश्चिमेस उतरतो, वाशिष्ठीत पडतो आणि दाभोळ व अंजनवेल यांच्यामधून अरबी समुद्रास मिळतो. म्हणजे ज्या सरोवराचे तोंड निसर्गाने पूर्वेस ठेवले होते, त्याचे दुसरे तोंड माणसाने अंजनवेलीपाशी उघडले आहे.

सरोवराचा भूगोल म्हटला की लांबी, रुंदी आणि खोली सांगून भागते. पण शिवसागर ही एक निवड आहे. पाणी कोठे साठवावे, कोणत्या बाजूस सोडावे, त्यापायी कोणी उठावे आणि कोणाच्या घरी दिवा लागावा, हे सर्व येथे माणसांनी ठरविले. म्हणून या सरोवराचा इतिहास हा पाण्याच्या जमाखर्चाचा इतिहास आहे, आणि अंजनवेल त्या खतावणीचे शेवटचे पान आहे, असे आम्हांस वाटते.

आधी एक साधी गोष्ट ध्यानात घेऊ. महाराष्ट्रात मोठे असे नैसर्गिक गोड्या पाण्याचे सरोवर नाही. काश्मीरात वुलर आहे, उत्तर अमेरिकेत पंचमहासरोवरे आहेत. आपल्याकडे लोणार आहे, पण त्याचे पाणी खारे, आणि ते उल्कापाताच्या खळग्यात साठलेले. याचे कारण आपल्या भूमीच्या घडणीत आहे. उत्तर अमेरिकेतील सरोवरे हिमनद्यांनी कोरली. वुलर भूकवचाच्या हालचालीने झालेल्या खोलगटात साठले. दख्खनचे पठार मात्र ज्वालामुखीच्या लाव्ह्याचे थर एकावर एक साचून सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी तयार झाले, आणि तेव्हापासून नद्या ते कापीत आल्या आहेत. येथे पाणी वाहते, थांबत नाही. त्याला थांबवायचे तर बांध घालावा लागतो. विदर्भात कोहळी समाजाने गोंड राजवटीत तलाव बांधले, त्यांतला नवेगावबांध आजही प्रसिद्ध आहे. पुढे भंडारदरा, भाटघर, पैठणचा नाथसागर, उजनी अशी धरणे झाली. महाराष्ट्रातले प्रत्येक मोठे गोडे सरोवर अशा रीतीने कोणाच्या तरी हातचे आहे. शिवसागर हे त्यांतले सर्वांत धाडसी, कारण इतर धरणांनी नदीला अडविले, याने तिची दिशाच फिरविली.

आता कोयनेकडे वळू. महाबळेश्वरच्या पंचगंगा मंदिरात पाच नद्यांचा उगम मानतात: कृष्णा, वेण्णा, कोयना, सावित्री आणि गायत्री. यांपैकी सावित्री तेवढी पश्चिमेस उतरते आणि बाणकोटापाशी समुद्रास मिळते. कोयनेची चाल विलक्षण आहे. ती सह्याद्रीच्या मुख्य रांगेला चिकटून, तिच्याच आडोशाने, सुमारे पासष्ट किलोमीटर थेट दक्षिणेस धावते. हेळवाकला आली की काटकोनात वळून पूर्वेचा रस्ता धरते आणि कऱ्हाडास कृष्णेला समोरासमोर भेटते. दोन नद्या अशा तोंडावर येऊन मिळण्याचा योग दुर्मिळ, म्हणून लोकांनी त्या जागेला प्रीतिसंगम म्हटले. कोयनेची सगळी लांबी एकशेतीस किलोमीटरांच्या आसपास.

या चालीतच पुढच्या सगळ्या इतिहासाचे बीज आहे. नदी दक्षिणेस धावत असता तिच्या उजव्या हाताला सह्याद्रीचा माथा अगदी जवळ असतो, आणि त्या माथ्यापलीकडे कोकणचा कडा एकदम तुटतो. वासोट्याच्या किल्ल्यावर उभे राहिले म्हणजे हे डोळ्यांनी दिसते. एका बाजूस खाली कोयनेचे खोरे आणि आज त्यात पसरलेले निळे पाणी. दुसऱ्या बाजूस बाबूकडा आणि त्याच्या तळाशी कोकणचे रान. खोऱ्यात पावसाळ्यात सरासरी पाच हजार मिलिमीटर, म्हणजे दोनशे इंचांच्या घरात पाऊस पडतो. एवढे पाणी, एवढ्या उंचीवर, आणि खाली उतरणारा कडा एवढ्या जवळ: ज्याला डोळे होते त्याला येथे शक्तीचा साठा दिसणारच होता.

परंतु ते डोळे विसाव्या शतकातले. त्याआधी या खोऱ्याकडे लोक दुसऱ्या दृष्टीने पाहत. त्यांना येथे आडोसा दिसे. हे जावळीचे खोरे. दाट झाडी, उभे चढ, पावसाळ्यात बंद होणाऱ्या वाटा. येथे शिरणे सोपे नव्हते आणि बाहेर पडणे त्याहून कठीण. आदिलशाहीच्या नावाने चंद्रराव मोरे येथे पिढ्यान्‌पिढ्या राज्य करीत होते, आणि घाट उतरणाऱ्या वाटा त्यांच्या हाती होत्या. १६५६ साली शिवाजी महाराजांनी जावळी घेतली, ती केवळ एक जहागीर म्हणून नव्हे, कोकणात उतरण्याची दारे म्हणून. त्याच खोऱ्याच्या शिरोभागी प्रतापगड उभा राहिला आणि १० नोव्हेंबर १६५९ रोजी त्याच्या पायथ्याशी अफझलखानाचा वध झाला. पुढच्या वर्ष-दीड वर्षात दाभोळचा किनारा महाराजांच्या ताब्यात आला. जावळी हाती आली की दाभोळ फार दूर राहत नाही, हे त्या मोहिमेने दाखविले. पुढे तीनशे वर्षांनी पाण्याने जी वाट धरली, ती राजकारणाने आधीच धरलेली होती.

आणि व्यापारानेही. दाभोळ हे मध्ययुगात पश्चिम किनाऱ्यावरचे नामांकित बंदर. बहमनी आणि नंतर आदिलशाही राज्याचा माल येथून अरबस्तान व इराणकडे जाई. पंधराव्या शतकातील रशियन प्रवासी अफनासी निकितीन परतीच्या प्रवासास याच बंदरातून निघाला. १५०८च्या अखेरीस पोर्तुगीज आरमाराने दाभोळ लुटून जाळले, तरी ते पुन्हा उभे राहिले, कारण त्याच्या पाठीशी घाटावरची बाजारपेठ होती. गलबते खाडीतून चिपळूणजवळच्या गोवळकोटापर्यंत येत. तेथून बैलांचे तांडे कुंभार्ली घाट चढून हेळवाक, पाटण, कऱ्हाड या वाटेने देशावर जात. कऱ्हाडजवळच्या आगाशिवाच्या डोंगरातली बौद्ध लेणी पाहिली म्हणजे ही वाट किती जुनी असेल याची कल्पना येते. बैल ज्या अंगाने घाट चढत, त्याच अंगाने आज पाणी उतरते.

या वाटेच्या समुद्राकडील टोकावर पहारा होता अंजनवेलीचा. येथला गोपाळगड मुळात विजापूरकरांचा. १६६०च्या सुमारास शिवाजी महाराजांनी तो घेऊन बळकट केला. १६९९ साली तो जंजिऱ्याच्या सिद्दी खैरतखानाने जिंकला. १७४५च्या सुमारास तुळाजी आंग्रे यांनी तो परत मिळविला आणि त्याला गोपाळगड हे नाव दिले. १७५५-५६च्या मोहिमेत तो पेशव्यांकडे आला आणि अंजनवेल हे एका तालुक्याचे ठाणे झाले. एवढ्या सत्तांनी या लहानशा डोंगरासाठी झुंजावे याचे कारण एकच: खाडीच्या मुखातून जे आत जाई आणि जे बाहेर येई, ते सगळे या तोफांच्या टप्प्यातून जाई. १८१८ साली एप्रिलात वरच्या टोकाचा वासोटा इंग्रजांच्या हाती पडला. तेव्हा साताऱ्याच्या छत्रपतींचे कुटुंबीय तेथे ठेवलेले होते. पुढच्याच महिन्यात, मे १८१८ मध्ये, खालच्या टोकाचा गोपाळगडही गेला. एका वाटेची दोन कुलपे अवघ्या काही आठवड्यांच्या अंतराने उघडली गेली.

पुढे शंभर वर्षे हे खोरे विस्मरणात गेले. खाचरांतून भात, उतारावर नाचणी आणि वरी, रानात धनगरांचे वाडे, आणि पोट भरेना म्हणून मुंबईस गेलेले चाकरमानी: असे त्याचे चित्र होते. विसाव्या शतकाच्या आरंभी टाटा कंपनीने सह्याद्रीच्या माथ्यावरचे पाणी कोकणात पाडून वीज करण्याचा उद्योग लोणावळ्याकडे सुरू केला. तेव्हाच कोयनेकडेही इंजिनियरांची नजर गेली होती, परंतु पहिल्या महायुद्धानंतरच्या मंदीत तो विचार मागे पडला. मुळशीस धरण झाले आणि तेथे सेनापती बापटांच्या नेतृत्वाखाली १९२१ साली सत्याग्रह उभा राहिला. धरणाखाली जाणाऱ्या शेतकऱ्यांनी संघटित होऊन दिलेला तो जगातल्या अगदी आरंभीच्या लढ्यांपैकी एक होय. तो यशस्वी झाला नाही; पण वीज कोणासाठी आणि जमीन कोणाची हा प्रश्न त्याने विचारून ठेवला. कोयनेची कथा वाचताना तो विसरता येत नाही.

स्वातंत्र्यानंतर कोयनेचे काम सरकारने हाती घेतले. १९५४च्या जानेवारीत त्याचा आरंभ झाला, त्या वेळी मुंबई राज्याचे मुख्यमंत्री मोरारजी देसाई होते. काम ऐन भरात असता राज्याची धुरा यशवंतराव चव्हाणांकडे आली, ते तर कोयनाकाठच्याच कऱ्हाडचे. १ मे १९६० रोजी महाराष्ट्र राज्य जन्मास आले आणि १९६२ साली कोयनेची पहिली वीज निघाली. नव्या राज्याचा आणि नव्या विजेचा असा हा जोडीने झालेला उदय. कोयनेस लोक महाराष्ट्राची भाग्यलक्ष्मी म्हणू लागले त्यात नवल नव्हते.

या योजनेची रचना जाणकारांस ठाऊक असली तरी थोडक्यात सांगणे अवश्य आहे. हेळवाकजवळ, नदी पूर्वेस वळते त्या भागात, १०३ मीटर उंच आणि सुमारे ८०८ मीटर लांब असे दगडी काँक्रीटचे धरण घातले. त्यामागे पाणी नदीच्या पात्रात मागे मागे सरत पन्नास किलोमीटरांवर पसरले. बामणोली, तापोळा येथपर्यंत ते पोचते. तापोळ्यापाशी सोळशी आणि कांदाटी या नद्याही त्यात येऊन मिळतात. धरणाचा साठा आरंभी ९८.७८ अब्ज घनफूट होता. पुढे दरवाजांची उंची वाढविल्यावर तो १०५.२५ अब्ज घनफूट झाला. अब्ज घनफूट म्हणजे पाटबंधारे खात्याच्या आणि आता वर्तमानपत्रांच्याही बोलीतला टीएमसी. या जलाशयास शिवाजी महाराजांच्या नावावरून शिवसागर म्हणतात.

आता खरी करामत पाहा. वीज धरणाच्या पायथ्याशी न करता इंजिनियरांनी नदीच्या उजव्या अंगाचा डोंगर पोखरला. नवजाच्या बाजूने पाणी बोगद्यात घेतले, सुमारे पावणेचार किलोमीटर डोंगराच्या आतून नेले, आणि पलीकडे कोकणच्या अंगास जवळजवळ पंधराशे फूट खाली पाडले. तेथे पोफळीस डोंगराच्या पोटातच वीजघर कोरले आहे. पूर्वेस जाणारी नदी हेच पाणी एवढे खाली उतरविण्यास शेकडो मैल घेते. पश्चिमेस ते एका उडीत येते. पाण्याची शक्ती त्याच्या पडण्यात असते, म्हणून वीज पश्चिमेस आणि शेती पूर्वेस असा कायमचा पेच येथे निर्माण झाला. पोफळीतून सुटलेले पाणी पुढे कोळकेवाडीच्या धरणात अडवून अलोऱ्यास पुन्हा एकदा वीज करतात आणि मग ते वाशिष्ठीत सोडतात. वीज करून झालेल्या या पाण्याला अवजल असे नाव आहे. शब्द जरा उपेक्षेचा आहे. तो लक्षात असू द्यावा, कारण पुढे आपल्याला त्याचे काम पडणार आहे.

या सगळ्याची किंमत प्रथम मोजली ती खोऱ्यातल्या लोकांनी. पाटण आणि जावळी तालुक्यांतली शंभराच्या आसपास गावे या योजनेत सापडली. पाणी दर वर्षी थोडे थोडे चढत गेले. भाताची खाचरे प्रथम बुडाली, कारण ती नदीकाठी होती. म्हणजे खोऱ्यातली उत्तम जमीन तेवढी गेली आणि डोंगरउतार तेवढा राहिला. काही कुटुंबे उठून सातारा, सांगली, सोलापूर, रत्नागिरी, रायगड, ठाणे अशा जिल्ह्यांत विखुरली. काहींनी गाव सोडले नाही; ती पाण्याच्या रेषेवर सरकून वरच्या अंगास घरे करून राहिली. त्यांच्या वाड्यांचा बाजाराशी, शाळेशी, दवाखान्याशी संबंध लाँचवर अवलंबून राहिला. महाराष्ट्रात धरणग्रस्तांच्या पुनर्वसनाचा कायदा १९७६ साली झाला, कोयना भरल्यावर एक तपाहून अधिक काळाने. आधी पाणी आले, मग कायदा आला. कोयनेच्या धरणग्रस्तांची मुले आणि नातवंडे जमिनीच्या पट्ट्यांसाठी एकविसाव्या शतकातही ठिय्या देऊन बसली आहेत. पुढे १९८५ साली या काठच्या रानाचे अभयारण्य झाले आणि २०१० साली ते सह्याद्री व्याघ्रप्रकल्पात गेले. वनाचे रक्षण हे चांगलेच काम. पण एकदा पाण्याने आणि एकदा वाघाने जागा मागितलेल्या माणसाला दोन्ही वेळा सारखेच उत्तर द्यावे लागले, हेही सांगितले पाहिजे.

दुसरी किंमत जमिनीने मागितली. जलाशय भरू लागला त्या १९६२ सालापासून खोऱ्यात लहान लहान धक्के जाणवू लागले. दख्खनचे पठार स्थिर, येथे मोठा भूकंप व्हावयाचा नाही, अशी तोवर समजूत होती. ११ डिसेंबर १९६७, सोमवारी पहाटे सव्वाचारच्या सुमारास लोक साखरझोपेत असता जमीन हादरली. भूकंपाची प्रत सहाहून अधिक होती. कोयनानगर उद्ध्वस्त झाले, दीडशेहून अधिक माणसे दगावली आणि दोन हजारांवर जखमी झाली. धरणास तडे गेले, पण ते उभे राहिले. नंतर त्याच्या पाठीस आधार बांधून त्याला बळकटी दिली. त्या पहाटे ते फुटले असते तर कऱ्हाड-सांगलीचे काय झाले असते याचा विचारही करवत नाही.

या भूकंपाने कोयनेचे नाव जगभरच्या शास्त्रग्रंथांत गेले. चीनमध्ये शिनफेंग्च्यांग, आफ्रिकेत करिबा, ग्रीसमध्ये क्रेमास्ता येथेही धरणे भरल्यावर भूकंप झाले होते. परंतु अशा भूकंपांत कोयनेचा सर्वांत मोठा मानतात. शास्त्रज्ञ सांगतात ते असे: धरण भूकंप निर्माण करीत नाही; खडकात ताण आधीच साठलेला असतो. पाण्याचे वजन आणि भेगांतून खोल झिरपणारे पाणी यांमुळे तो ताण सुटण्याची वेळ अलीकडे येते. पाणी चढते-उतरते तशी धक्क्यांची संख्याही कमीजास्त होते असे येथे अनेक वर्षांच्या नोंदींवरून दिसले. म्हणून कऱ्हाडजवळ हजारमाचीस या अभ्यासाची प्रयोगशाळा आहे, आणि गोठणे येथे सुमारे तीन किलोमीटर खोल छिद्र पाडून खडक तपासण्यात आला. ज्या सरोवराच्या काठी माणसे भूकंपाने मेली, तेच आता भूकंप समजून घेण्याचे जगातले एक महत्त्वाचे स्थान झाले आहे.

तिसरी किंमत पूर्वेच्या लोकांच्या हिशेबात लिहिली गेली. पश्चिमेस वळविलेला प्रत्येक घोट कृष्णेच्या खोऱ्यातून उणा होतो. महाराष्ट्र, कर्नाटक आणि आंध्र यांच्यातील कृष्णेच्या तंट्याचा निवाडा न्यायमूर्ती बच्छावत यांच्या लवादाने १९७३ साली दिला आणि १९७६ साली तो कायम झाला. त्यात कोयनेतून पश्चिमेस वर्षाकाठी ६७.५ टीएमसीहून अधिक पाणी नेऊ नये अशी मर्यादा घातली. माण, आटपाडी, सांगोला हे दुष्काळी मुलूख त्याच खोऱ्यात आहेत, आणि कृष्णेवरच्या ताकारी-टेंभू उपसा योजना कोयनेने उन्हाळ्यात सोडलेल्या पाण्याकडे डोळे लावून असतात. वीज म्हणते पश्चिमेस या, ऊस आणि ज्वारी म्हणतात पूर्वेस या. दोघांचेही म्हणणे खरे, आणि पाणी एकच.

यानंतरही विजेची मागणी वाढतच गेली. चौथ्या टप्प्यासाठी सरोवराच्या तळाखाली बोगदा आणावयाचा होता, आणि तोही सरोवर रिकामे न करता. इंजिनियरांनी खालून बोगदा खणीत आणला, शेवटी खडकाची एक बुचासारखी जाडी ठेवली आणि १३ मार्च १९९९ रोजी सुरुंगाने ती उडवून सरोवरास खालून छेद दिला. २५ एप्रिल २०१२ रोजी हाच प्रयोग दुसऱ्यांदा यशस्वी झाला. या कामगिरीचा अभिमान वाटावा अशीच ती आहे. चौथ्या टप्प्याच्या एक हजार मेगावॅटसह कोयनेची सगळी क्षमता १,९६० मेगावॅट झाली. संध्याकाळी घरोघरी दिवे लागतात आणि मागणी एकदम चढते, तेव्हा काही मिनिटांत चालू होणारी कोयनाच राज्याच्या उपयोगी पडते.

आणि येथे आम्ही पुन्हा अंजनवेलीस येतो. चौथ्या टप्प्याचा तो सुरुंग उडाला त्याच १९९९ साली, त्याच पाण्याच्या शेवटच्या टोकास, अंजनवेल आणि वेलदूरच्या पठारावर एन्रॉन कंपनीच्या दाभोळ वीज प्रकल्पाचा पहिला टप्पा चालू झाला. त्या प्रकल्पाविरुद्ध या गावांतल्या बायाबापड्यांनी सत्याग्रह केले, लाठ्या खाल्ल्या, तुरुंग पाहिला. विजेचा दर राज्याला परवडेना. २००१ साली प्रकल्प बंद पडला आणि त्याच वर्षाच्या अखेरीस खुद्द एन्रॉनचे दिवाळे वाजले. पुढे तो रत्नागिरी गॅस अँड पॉवर या कंपनीकडे आला आणि २००६ साली पुन्हा सुरू झाला, तरी वायूचा पुरवठा आणि त्याचा दर यांवर तो हेलकावत राहिला. त्याची क्षमता १,९६७ मेगावॅट, म्हणजे कोयनेएवढीच. एकाच पाण्याच्या माथ्यावर आणि मुखावर जवळजवळ सारख्या शक्तीची दोन वीजकेंद्रे! एकाचे इंधन दर पावसाळ्यात आकाशातून येते, दुसऱ्याचे समुद्रापलीकडून जहाजाने आणावे लागते. नेत्यांच्या भाषणांपेक्षा या तुलनेने आपल्याला अधिक शिकविले पाहिजे.

आता अवजलाकडे येऊ. कोयनेचे पाणी येऊ लागल्यापासून चिपळूणपाशी वाशिष्ठी बारमाही झाली. ज्या नद्या कोकणात होळीपर्यंत आटतात, त्यांत ही एक वैशाखातही वाहते. पण चिपळूणच्या खाली भरतीचे पाणी चढते आणि गोडे पाणी खाऱ्यात मिसळते. अंजनवेलीस पोचेपर्यंत त्याचा एक घोटही पिण्याजोगा राहत नाही. काठचा गावकरी आपल्या अंगणातून ते पाहतो आणि हंडा घेऊन टँकरची वाट धरतो.

हा हिशेब आकड्यांत मांडून पाहू. ६७.५ टीएमसी म्हणजे सुमारे १९१ कोटी घनमीटर. वर्षभर समान वाटले तर दिवसाला ५२३ कोटी लिटर पडते. २०११च्या जनगणनेप्रमाणे रत्नागिरी जिल्ह्याची लोकसंख्या १६ लाख १५ हजार. खेड्यातल्या माणसास दिवसाला ५५ लिटर पाणी द्यावे असे सरकारचे माप आहे. त्या मापाने सगळ्या जिल्ह्याची गरज दिवसाला नऊ कोटी लिटरांच्या आतच भरते. म्हणजे जे पाणी या जिल्ह्यातून समुद्रास जाऊ शकते, त्याच्या साठाव्या भागात जिल्ह्याची तहान भागावी. हे पाणी सगळे दर वर्षी तेवढेच येते असे नाही, त्यातून चिपळूण आणि लोट्याचे कारखाने काही उचलतात, आणि वाड्या डोंगरांवर विखुरलेल्या असल्याने ते चढविण्यास नळ, पंप आणि वीज लागेल, हेही खरे. पण साठांपैकी एक भाग घेता येत नाही असे म्हणणे इंजिनियरांचे नाही; ज्यांनी सरोवरास तळातून भोक पाडले त्यांना नळ टाकणे जड नाही. हे अवजल थेट मुंबईकडे नेण्याच्या योजनाही कागदावर येऊन गेल्या आहेत. शेकडो किलोमीटर नेण्याचा विचार होऊ शकतो, तर काठच्या वाडीस पाणी देण्याचा का होऊ नये? अट एकच: हा वाटा चिपळूणच्या वर, कोळकेवाडीच्या बाजूस काढला पाहिजे. खाडीस पोचलेल्या पाण्यावर हक्क सांगून उपयोग नाही.

अवजलाची दुसरी बाजूही आहे. २२ जुलै २०२१ रोजी चिपळूण शहर वाशिष्ठीच्या पुरात बुडाले. पाऊस असाधारण होता, त्यात भरतीची वेळ आणि गाळाने उथळ झालेले पात्र. कोळकेवाडीच्या पाण्याचा त्यात वाटा किती, यावर तेव्हा मोठा वाद झाला. त्या वादाचा निवाडा करणे हे आमचे काम नव्हे. परंतु एवढे निश्चित की ज्या नदीच्या डोक्यावर दुसऱ्या खोऱ्याचे सरोवर टांगलेले आहे, तिच्या काठच्या लोकांना त्या सरोवरातून किती पाणी केव्हा सुटते हे आधी कळणे हा त्यांचा हक्क आहे. शिवाय त्याच नदीच्या खाडीत कारखान्यांचे सांडपाणी उतरते आणि भोई-कोळ्यांच्या जाळ्यात मासा कमी पडतो ही तक्रार जुनी आहे. पाणी येते म्हणून नदी निरोगी होते असे नाही.

शिवसागराचा इतिहास आपण येथपर्यंत आणला. या सरोवराने महाराष्ट्राचे कारखाने चालविले, रेल्वे आणि गिरण्यांस बळ दिले. ते नसते तर महाराष्ट्र जसा झाला तसा झाला नसता. ते आमच्या कर्तृत्वाचे स्मारक आहे याविषयी आम्हांस शंका नाही. परंतु खतावणीत जमेची बाजू मोठी असली म्हणून देण्याची पाने फाडता येत नाहीत. एक देणे काठावरच्या धरणग्रस्तांचे, दुसरे पूर्वेच्या कोरड्या शिवाराचे आणि तिसरे पश्चिमेच्या तहानलेल्या वाडीचे. पहिले देणे सर्वांत जुने आहे, म्हणून ते आधी फेडले पाहिजे. आणि तिसरे सर्वांत लहान आहे, म्हणून ते न फेडण्यास काही सबब नाही.

अंजनवेलीचा गोपाळगड एके काळी खाडीतून जाणाऱ्या प्रत्येक गलबतावर लक्ष ठेवीत असे. काय आत गेले, काय बाहेर आले, त्याची नोंद ठेवणे हे त्याचे काम. आता गलबते थांबली, तोफा गंजल्या. पण त्याच मुखातून दर वर्षी एका सरोवराचे पाणी बाहेर पडते, आणि त्याची नोंद कोणी ठेवीत नाही. ती ठेवणे हे येथल्या नागरिकांचे काम आहे. दर उन्हाळ्यात किती पाणी आले, कोणत्या वाडीस किती मिळाले, एवढे दोन आकडे जरी ग्रामसभेने मागितले, तरी शिवसागराचा इतिहास लिहिण्यात अंजनवेलीचा हात लागेल.